काटा कुठं चढतो? तुळजापूरच्या घाटात तापणाऱ्या गाडीचं प्रकरण

उन्हाळ्यात 'तापते' म्हणून येणाऱ्या गाड्यांची आमच्या सोलापूरच्या गॅरेजात रांगच लागते. बहुतेक अर्ध्या दिवसात सुटतात. होज (पाण्याची रबरी नळी) फुटलेला असतो, फॅनचा फ्यूज उडालेला असतो, नाहीतर रेडिएटरच्या बाटलीत पाण्याचा थेंब नसतो. ही गाडी मात्र दोन आठवडे पुरली. त्यातला निम्मा वेळ माझ्या चुकीमुळं गेला, म्हणून हे लिहून ठेवतोय. गाडीची कंपनी, आधीची गॅरेजं आणि माणसं ओळखू येतील असं काही ठेवलेलं नाही.

पार्श्वभूमी

२०१४ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, ६८ हजार किलोमीटर चाललेली. मालकीण निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. मला सातवीला त्याच होत्या. आज माझ्या मिशा पांढऱ्या व्हायला आल्या तरी त्या गॅरेजात आल्या की मी हातातला पाना खाली ठेवतो. इथंही त्यांना बाईच म्हणतो.

बाई जुळे सोलापुरात एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. गाडीचं काम म्हणजे भाजी, बँक, दवाखाना, आणि अधूनमधून बहिणीला घेऊन तुळजापूर. ४५ किलोमीटरचा रस्ता. तामलवाडीचा टोलनाका ओलांडून पुढं गेलं की तुळजापूर यायच्या आधी घाट लागतो. घाट फार मोठा नाही, पण मे महिन्यात दुपारी भरलेल्या गाडीला एसी लावून चढवला की इंजिनाची परीक्षाच असते.

माझ्याकडं यायच्या आधी गाडी दोन ठिकाणी जाऊन आली होती. फेब्रुवारीत नवी पेठेच्या गर्दीत तापमानाचा काटा वर गेला म्हणून पहिल्या गॅरेजनं थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारी झडप. बदलला नाही, काढून टाकला. 'आपल्या गरम मुलखात थर्मोस्टॅट लागतो कशाला' हे वाक्य मी उमेदवारी करत होतो तेव्हापासून ऐकतोय. एप्रिलमध्ये घाटात काटा चढला तेव्हा दुसऱ्या गॅरेजनं वॉटर पंप बदलला, ३,८०० रुपये घेतले. पंधरा दिवस गाडी ठीक चालली. मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा घाटात काटा लालमध्ये गेला, बोनेटमधून वाफ आली. बाईंनी त्याच जागी गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि टो करून त्याच दुसऱ्या गॅरेजात आणली.

तिथल्या फोरमननं थंड इंजिनात पाणी भरलं, झाकण उघडं ठेवून स्टार्टर मारला. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले. निकाल लागला: हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील. हेड उतरवायचं, फेस मारून (घासून सपाट करून) आणायचं, २२ हजार, पाच दिवस.

मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं की अकरा वर्षांच्या गाडीवर आता पैसे घालू नका, विकून टाका. बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. मला फोन केला आणि म्हणाल्या, "तो म्हणतोय गॅस्केट गेलंय. मी विचारलं कशावरून, तर म्हणाला अनुभवावरून. तू ये आणि मला सिद्ध करून दाखव."

अडचण

फोरमन मूर्ख नव्हता. हेड गॅस्केट फुटलं की सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुडे दिसतात, हे खरंच आहे. वारंवार तापलेल्या गाडीचं गॅस्केट जातं हेही खरं. पण नुकतंच पाणी भरलेल्या इंजिनातही बुडबुडे येतात, कारण आत हवा अडकलेली असते. ती हवा पूर्ण काढल्याशिवाय दिसलेला बुडबुडा कशाचाच पुरावा होत नाही.

दुसरी अडचण अशी की आतापर्यंतचा प्रत्येक उपाय 'लागू पडला' होता. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी बरी झाली, पंप बदलल्यावर बरी झाली. प्रत्येक वेळी थोडे दिवस. अशा गाडीचा इतिहास तोंडी ऐकला की माणूस चकतो. मीही चकलो असतो, पण बाईंची वही होती.

वही

शंभर पानी, पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, कुठं गेलो, आणि शेवटच्या रकान्यात 'शेरा'. गाडी घेतली त्या दिवसापासूनची ही तिसरी वही. गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर, टेम्परेचर गन वगैरे माझ्याकडं आहे, पण या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेलं उपकरण म्हणजे ही वही. चहा मागवला आणि तासभर वाचत बसलो.

पहिली गोष्ट सापडली पाण्याची. २०२२मध्ये एक होज बदलताना कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा रसायनं घातलेला द्रव, वाहून गेलं होतं. त्यानंतर वहीत कूलंट विकत घेतल्याची एकही नोंद नाही. 'पाणी १ लि.', 'पाणी अर्धा लि.' अशा नोंदी मात्र दर पंधरा-वीस दिवसांनी. बेरीज केली तर तीन वर्षांत ५८ लिटर. या इंजिनाच्या सगळ्या कूलिंगमध्ये मिळून साडेचार लिटर मावतं.

"कुठलं पाणी बाई?"

"बोअरचं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ते काय गाडीला घालू?"

यावर काय बोलणार. सोलापुरात राहणाऱ्या कुणालाही हे पटेल. पण आपलं बोअरचं पाणी गीझरच्या कॉइलवर काय करतं ते घराघरात माहीत आहे. पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार तापल्यावर पांढऱ्या खड्यासारखे बाहेर पडतात आणि जिथं सगळ्यात जास्त उष्णता तिथं चिकटतात. एकदाच भरलेल्या साडेचार लिटरात क्षार असून किती असणार, तेवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते वरचेवर भर घातल्यानं. वाफ होऊन पाणी जातं, क्षार आत राहतात, वरून पुन्हा नवं क्षाराचं पाणी. मिठागराचं तेच तंत्र. त्यात कूलंट नाही म्हणजे गंज थोपवणारी रसायनंही नाहीत, त्यामुळं क्षाराबरोबर गंजाचा गाळ.

दुसरी गोष्ट मायलेजची. फेब्रुवारीपर्यंत लिटरला १७ च्या आसपास, त्यानंतर साडेचौदा. थर्मोस्टॅट काढल्याची तारीख आणि मायलेज पडल्याची तारीख एकच. इंजिन वेळेवर गरम होत नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. स्कॅनर लावला तेव्हा 'पी ०१२८' हा कोड साठलेला सापडला. कूलंट अपेक्षेएवढं गरम होत नाही, असा त्याचा अर्थ. तापते म्हणून आलेल्या गाडीत 'गरम होत नाही' असा कोड! माझ्या हाताखालचा पोरगा हसला, पण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या: मोकळ्या रस्त्यावर इंजिन गारठत होतं, घाटात उकळत होतं.

तिसरी गोष्ट पंपाची. पंप बदलल्यानंतरचे 'पंधरा दिवस ठीक' मी वहीत शोधले. त्या पंधरा दिवसांत गाडी तुळजापूरला गेलीच नव्हती. सात रस्ता, आसरा चौक, पार्क चौक, एवढंच. घाट नाही तर घाटातलं तापणं कुठून दिसणार!

आणि चौथी नोंद, जी दोन्ही गॅरेजांना बाईंनी सांगितली होती आणि दोघांनीही 'तुम्हाला तसं वाटलं असेल' म्हणून सोडून दिली होती. १९ फेब्रुवारीचा शेरा: 'नवी पेठ. काटा वर. एसी लावला, काटा खाली आला.' मार्चमध्ये दोनदा तेच.

एसी लावला की इंजिनावर भार वाढतो, रेडिएटरच्या समोरची एसीची जाळी (कंडेन्सर) गरम हवा रेडिएटरवर फेकते. काटा वर जायला हवा, तर इथं खाली येत होता. कारण असं की या गाडीच्या फॅनला दोन वेग आहेत. मंद वेग एका रेझिस्टरमधून (वीज कमी करणाऱ्या भागातून) मिळतो, जोराचा वेग थेट. रेझिस्टर जळाला की मंद वेग नाही. गर्दीत उभ्या गाडीचं तापमान वाढतं, कॉम्प्युटर मंद फॅन मागतो, फॅन फिरत नाही. तापमान आणखी चढून जोराच्या वेगाची पातळी आली की मगच तो सुरू होतो. पण एसी लावल्यावर मंद फॅन नसल्यामुळं गॅसचा दाब भराभर चढतो, दाबाच्या सेन्सरमुळं जोराचा फॅन लगेच लागतो, आणि त्या वाऱ्यानं इंजिनही गार होतं. बाईंच्या डोळ्यांनी अचूक पाहिलं होतं.

इथं माझ्या डोक्यात प्रकरण दोन तुकड्यांत वेगळं झालं. उभ्या गाडीत तापणं म्हणजे हवेचा दोष, फॅन. चालत्या गाडीत, भारावर तापणं म्हणजे पाण्याच्या वहनाचा दोष, कारण ४० च्या वेगानं चढताना वारा समोरून भरपूर मिळतो. तक्रार एकच, 'तापते', पण फेब्रुवारीतलं आणि एप्रिलमधलं तापणं बहुधा दोन वेगळ्या कारणांचं होतं.

तपासण्या

आधी हेड गॅस्केटचा निकाल लावायचा होता, कारण २२ हजारांचा प्रश्न तिथं होता. ऑइलची कांडी स्वच्छ, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. पाणी भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, इंजिन अर्धा तास चालवून सगळी हवा काढली. पहिली दहा मिनिटं बुडबुडे आले, मग थांबले ते थांबलेच. प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं: १६५, १७०, १६०, १६८ पीएसआय. चारही जवळजवळ सारखे. शेवटी निळ्या द्रवाची चाचणी. रेडिएटरच्या तोंडावरची हवा या द्रवातून ओढायची, तिच्यात जळका वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. दोनदा केली, दोनदा निळाच राहिला.

बाई स्टुलावर बसून बघत होत्या. "म्हणजे नाही, हे सिद्ध झालं," म्हणाल्या. मी म्हटलं, आजच्या घडीला नाही. लहानशी फट फक्त पूर्ण तापल्यावर उघडते असंही क्वचित होतं. त्यांना ते उत्तर आवडलं.

मग रेडिएटरची कॅप. तिच्यावर ०.९ बार लिहिलेलं, प्रत्यक्षात ०.४ लाच सुटत होती. रबराच्या बैठकीवर पांढरा थर बसला होता. ही साधी अडीचशे-तीनशे रुपयांची वस्तू, पण कुकरच्या शिट्टीसारखं काम करते. दाब जितका, तितका पाण्याचा उत्कलनबिंदू वर. ०.९ बारला साधं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, ०.४ ला १०९ च्या. म्हणजे घाटात उकळी यायला नऊ अंश कमी पुरत होते, आणि ५८ लिटर पाणी कुठं गेलं तेही कळलं. (जाता जाता: गरम इंजिनाची ही कॅप कधीही उघडू नये. वरून फडकं टाकून 'हळूच' उघडणाऱ्याचा भाजलेला हात मी पाहिलाय.)

फॅनबद्दलचा अंदाज बरोबर निघाला. स्कॅनरवरून मंद वेगाचा हुकूम दिला, रिले टक् वाजला, रेझिस्टरपर्यंत १२ व्होल्ट आले, पुढं शून्य.

आणि रेडिएटर. टेम्परेचर गननं इंजिनाच्या बाजूनं जाळी तपासली. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन खोटं बोलते, कमी दाखवते, म्हणून मी काळ्या टेपचे तुकडे चिकटवून त्यांच्यावर मोजतो. पाणी शिरतं तिथं ९३, मध्ये ८० च्या घरात, आणि खालच्या कोपऱ्यात साधारण तिसरा हिस्सा ५० च्या आसपास. तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं.

पर्याय

हेड उतरवायचं कारण उरलं नव्हतं. गाडी विकायची की नाही हा माझा प्रश्न नव्हता, पण तापणारी गाडी विकायला काढली तर भाव पडेल तो पडेलच, आणि पुढच्याला न सांगता द्यायची हे बाईंना जमणारं नव्हतं.

रेझिस्टर, कॅप आणि नवा थर्मोस्टॅट यांबद्दल वाद नव्हता. थर्मोस्टॅट परत घालतोय म्हटल्यावर मुलानं फोनवर शंका काढली की त्यानं आणखी तापेल. चालू थर्मोस्टॅट ८२-८८ अंशांना उघडायला लागतो आणि आणखी थोडं तापल्यावर पूर्ण उघडतो. घाटात तो असला नसला सारखाच, सकाळी थंड इंजिनाला मात्र असावाच लागतो.

खरा निर्णय रेडिएटरचा होता. एक, नवा घालायचा: ५,४०० रुपये. दोन, आहे तोच साफ करायचा. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरच्या टाक्या झाळून बसवलेल्या असत. कारागीर झाळ उसवायचा, नळ्यांतून पट्टी फिरवून गाळ काढायचा, परत झाळायचा. अशा दुकानांत पूर्वी ट्रकवाल्यांची गर्दी असायची. आताचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लॅस्टिकच्या आणि कडा दुमडून बसवलेल्या. तो असा उघडत नाही. जोरदार ॲसिड किंवा कॉस्टिक घातलं तर क्षाराआधी ॲल्युमिनियमच खातं. उरतं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, पातळ करून फिरवायचं. स्वस्त आणि सौम्य. सुटलेला गाळ हीटरच्या नळ्यांत जाऊन अडकण्याचा धोका तेवढा असतो.

बाईंनी माझ्यावर सोपवलं. मी साफ करायचं ठरवलं. कारण सांगतो: दोन्ही गॅरेजांत मिळून त्यांचे आधीच साडेचार हजार गेले होते आणि गुरूच्या खिशाला हात घालताना मन कचरत होतं. निर्णय गाडी बघून घ्यायचा असतो, तो मी माणूस बघून घेतला.

काय केलं, आणि कुठं चुकलं

दोन दिवस लिंबूसत्वाचं पाणी फिरवलं, उलट्या दिशेनं धुतलं, पुन्हा फिरवलं. चहाच्या रंगाचं पाणी आणि पांढरी कपची बाहेर आली. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन तयार कूलंट भरलं. रेझिस्टर, कॅप, थर्मोस्टॅट नवे. गननं पाहिलं तर थंड भाग तिसऱ्या हिश्श्यावरून पंज्याएवढा राहिला होता.

भर दुपारी आसरा चौक ते नवी पेठ, तिथून सात रस्ता, एसी लावून फिरवली. चाळीस मिनिटं उभी ठेवली. ९६ ला मंद फॅन लागायचा, ९१ ला बंद व्हायचा, घड्याळासारखं. शनिवारी संध्याकाळी गाडी दिली.

रविवारी साडेबाराला फोन. "घाटात आहे. काटा पाऊण झाला. तू सांगितलं होतंस तसं एसी बंद केला, हीटर लावला, आता थांबलेय. वाफ नाही." हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. तापत्या गाडीत तो पूर्ण लावला की इंजिनाची थोडी उष्णता आतल्या माणसांवर निघते. बेचाळीस अंशांच्या उन्हात दोघी म्हाताऱ्या हीटर लावून बसलेल्या, हे चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

स्कॅनर घेऊन मोटरसायकलवर निघालो. गाडी तासभर निवू दिली, मग मी चालवायला बसलो, घाट उतरून पुन्हा चढलो. मागच्या सीटवर बहिणीचा आईराजा उदो उदो चालू होता. स्कॅनरवर सपाटीला ९२, अर्ध्या घाटात १०१, वर पोचेपर्यंत १०७. जोराचा फॅन पूर्ण वेळ चालू. कॅप नवी आणि कूलंट खरं असल्यामुळं उकळी नव्हती एवढंच. काट्याबद्दलही इथं सांगायला हवं: बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, ८० अंश असोत की शंभर, तो अर्ध्यावरच. तो हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मी तपासणी कुठं केली होती? शहरात. तक्रार कुठली होती? घाटातली. दोन तापणी वेगवेगळी आहेत हे स्वतःच शोधून काढलं आणि तपासलं मात्र पहिलंच. वॉटर पंप बदलणाऱ्याला मी ज्या कारणासाठी मनात हसलो होतो, बरोबर तेच मी केलं.

सोमवारी नवा रेडिएटर घातला. जुना उतरवून हातात घेतला तेव्हाच नव्यापेक्षा जड लागला. उभा धरून नळीनं पाणी सोडलं तर वरच्या भागातून धार, खालून थेंब. कडा तोडून टाकी उघडली: खालच्या नळ्यांची तोंडं खडूनं बुजवल्यासारखी. लिंबूसत्वानं अर्धवट बुजलेल्या नळ्या मोकळ्या केल्या होत्या. पूर्ण बंद नळीत पाणी शिरतच नाही, तर लिंबूसत्व कुठून शिरणार? हे मला आधी सुचायला हवं होतं.

परिणाम

मंगळवारी दुपारी एक वाजता, एसी लावून, तीन माणसं बसवून, घाट. या वेळी मी स्वतः बाईंना बरोबर घेऊन गेलो. स्कॅनर त्यांच्याच हातात होता, दर मिनिटाला आकडा वाचत होत्या. जास्तीत जास्त ९७. वर पोचून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं, ९३ वर आलं. मग परत उतरून आणखी एकदा चढलो, कारण एकदा बरोबर येणं हा योगायोगही असू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

एकूण बिल १०,१८० रुपये: रेडिएटर ५,४००, थर्मोस्टॅट ९५०, रेझिस्टर ६५०, कॅप २८०, कूलंट १,१००, मजुरी १,८००. लिंबूसत्वाचे दोन दिवस आणि वाया गेलेलं पहिलं कूलंट माझ्या खात्यात. जूनअखेर मायलेज १६.८ वर आलं. पावसाळ्यात आणि त्यानंतर बाटलीतली पातळी हललेली नाही. डिकीत आता डिस्टिल्ड वॉटरचा, म्हणजे बॅटरीच्या पाण्याचा कॅन असतो. त्याच्यावर बाईंनी कागद चिकटवलाय: 'फक्त हेच. बोअरचे नाही.'

आता वेगळं काय केलं असतं

पहिल्या दिवशी वही वाचली तेव्हाच कागदावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या: 'गर्दीत तापते' आणि 'घाटात तापते'. समोर तपासणी, समोर निकाल. दुसऱ्या ओळीसमोरची जागा शनिवारी रिकामी दिसली असती आणि मी गाडी दिली नसती. घाटात चक्कर मारायला जाऊन-येऊन ९० किलोमीटर लागतात, गॅरेजवाल्याला ते परवडत नाही हे खरंय. पण बिलात तेवढं पेट्रोल लावायला हरकत नव्हती. बाईंनी दिलं असतं. मी विचारलंच नाही.

रेडिएटरचा तिसरा हिस्सा थंड असेल तर आता मी साफसफाईच्या फंदात पडत नाही, सरळ बदला म्हणतो. थोडे डाग असतील तर सफाई. ही रेघ नेमकी कुठं ओढायची यावर माझं आणि शेजारच्या रेडिएटरवाल्याचं एकमत होत नाही. तो म्हणतो उतरवून पाण्याची धार बघितल्याशिवाय बोलूच नये. बहुतेक त्याचंच बरोबर आहे. उतरवायला तास लागतो, मी दोन दिवस घालवले.

फोरमननं निळ्या द्रवाची चाचणी केली असती तर त्याचा अंदाज त्यालाच खोटा ठरलेला दिसला असता. पण त्यानं गाडी उघडून ठेवली नाही, बाईंना आकडा सांगून विचार करायला वेळ दिला, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. बाईंचं एक फार बरोबर झालं: काटा लालमध्ये गेल्यावर 'देवळापर्यंत तरी जाऊ' म्हणाल्या नाहीत. आणखी दोन किलोमीटर रेटली असती तर हेड खरंच वाकलं असतं, आणि २२ हजारांचा अंदाज बरोबर ठरला असता.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलं. बाईंनी विचारलं, "मग पंप खराब होता की नव्हता?" बोअरच्या पाण्यानं पंपाची पाती झिजलेली असू शकतात, कदाचित ते ३,८०० योग्यही असतील. जुना पंप बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तो कधीच भंगारात गेला होता. वहीत त्या नोंदीसमोर बाईंनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. तेव्हापासून आम्ही प्रत्येक गाडीचे काढलेले पार्ट पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवतो. बहुतेक गिऱ्हाइकं ती पिशवी विसरून जातात. बाईंचा जुना रेडिएटर तेवढा आमच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. नवीन पोरगं कामाला लागलं की आधी ते उतरवून हातात देतो आणि वजन करायला सांगतो.